मोठ्या मीटिंगच्या आधीच

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा उपक्रम अनेक विभागांना मिळून चालवायचा असतो. म्हणून पहिली गोष्ट, मोठ्या मीटिंगमध्ये काहीही पहिल्यांदा मांडू नकोस. समुपदेशन, विद्यार्थी कल्याण, आयटी, कायदा, सगळ्यांना आधी एकेकटं गाठ. चारचौघांत माणूस आपल्या विभागाची बाजू लढवतो. एकट्यात त्याला नेमकी कशाची धास्ती आहे ते सांगतो.

खरी ठिणगी पडते प्रश्नावलीवर. पीएचक्यू-९ या नैराश्याची लक्षणं तपासणाऱ्या प्रश्नावलीत ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७ गुण; सगळे मागच्या दोन आठवड्यांबद्दल. पहिल्या आठांवर कुणी हूं का चूं करत नाही. नववा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि घोडं तिथे अडतं. रात्री अकराला कुणी तिथे ३, म्हणजे ‘जवळजवळ रोज’, निवडलं, तर फोन कुणी करायचा?

आम्ही हे न ठरवताच फॉर्म सुरू केला होता. आयटीला वाटलं समुपदेशक बघतायत, समुपदेशकांना वाटलं आयटी कळवेल. एक उत्तर दोन दिवस तसंच पडून राहिलं. मुलगी सुखरूप होती, पण ते आमचं कर्तृत्व नव्हे.

म्हणून जबाबदार माणसाचं नाव, नंबर आणि सुट्टीतला बदली माणूस लेखी ठरल्याशिवाय एकही फॉर्म पाठवू नकोस. उत्तरं कुणाला दिसणार, तेही त्याच कागदावर. ‘आपण सगळे मिळून बघू’ म्हणजे कुणीच बघणार नाही.

इतिवृत्त लिहायचं काम कुणालाच नको असतं. ते तू घे आणि त्याच संध्याकाळी पाठव. पोस्टरवर कुणाचा लोगो आधी यावर भांडण होईलच. तिथे खुशाल हार.