पीओपी घमेल्यातच का सेट होतं?

नाशिकला पावसाळ्यात छताचं काम काढलंय आणि माल लावण्याआधीच घट्ट होतोय, तर आधी घमेलं बघा. जुन्या मालाचे खडे चिकटले असतील तर सेट होताना बनणाऱ्या नव्या स्फटिकांना त्यांचाच आधार मिळतो आणि सेटिंग झपाट्याने होतं. दर वेळी घमेलं खरवडून धुवा.

पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) म्हणजे साधारण 150 अंश सेल्सिअसवर भाजलेलं जिप्सम हे खनिज. जिप्सम नखाने ओरखडेल इतकं मऊ (खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्ज मापावर 10 पैकी 2). भाजल्यावर त्यातलं पाऊण पाणी उडतं, कालवताना ते परत घेतं. म्हणूनच दमट हवेत उघडी राहिलेली गोणी बिघडते.

100 भाग पावडरला 60-70 भाग गार पाणी. पाण्यात पावडर भुरभुरवा, उलट नको. मीठ आणि कोमट पाण्याने सेटिंग लवकर होतं. चिमूटभर सायट्रिक ॲसिड ते लांबवतं, जास्त झालं तर माल ठिसूळ. आवळलेल्या मालात पाणी घालून पुन्हा कालवू नका, गुंतलेले स्फटिक तुटतात. ही सवय कारागिरांची जाता जात नाही!

गंमत म्हणजे सिमेंटमध्ये हेच जिप्सम 3-5 टक्के घालतात, ते सेटिंग लांबवायला.