घरचे यायला तयार नाहीत, मग मी एकटीने येऊन काय होणार?

"भांडण सगळ्या घराचं आहे, पण समुपदेशनाला यायला तयार मी एकटीच. मग उपयोग होईल का?" हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो. उपयोग होतो. मात्र समुपदेशक आपल्यामार्फत घरच्यांना सुधारतील, ही अपेक्षा आधी बाजूला ठेवावी लागते. खोलीत जो माणूस बसलाय त्याच्याच वागण्यावर काम करता येतं. पण त्याने आपला भाग बदलला, की बाकीच्यांना तेच भांडण पूर्वीसारखं करता येत नाही. पुढच्या प्रकरणात हे नीट दिसतं. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

चाळिशीतल्या एक ताई आल्या. वडील गेल्यावर आई दादा-वहिनीकडे राहायला गेली होती. तेव्हापासून रोज रात्री आईचा फोन यायचा: सून धड बोलत नाही, मुलाचं लक्ष नाही. "तूच जरा सांग त्याला, तुझं ऐकतो तो." ताई फोन ठेवायच्या आणि दादाला फोन लावायच्या. दादा भडकायचा, आईला जाब विचारायचा, आणि आई म्हणायची, "मी कुठे काय म्हणाले? हिलाच तिखटमीठ लावायची सवय आहे." अखेर दादाने ताईंचे फोन घेणंच बंद केलं. ताईंची झोप उडाली होती. "तुम्ही दादाला बोलावून समजवा," ही त्यांची मागणी, आणि "मला काही वेड लागलेलं नाही," हा दादाचा निरोप.

अशा वेळी तक्रारींची सगळी यादी ऐकत बसण्यात फारसं हाती लागत नाही. शेवटचं एकच भांडण घ्यायचं आणि क्रमाने कागदावर उतरवायचं. फोन किती वाजता आला, पहिलं वाक्य कुणाचं, त्यावर आपण काय म्हणालो, नेमक्या कुठल्या शब्दाला जीव कासावीस झाला, पुढचा फोन किती वेळाने केला. ताईंच्या कागदावर दोन फोनमधलं अंतर चार मिनिटं निघालं. तेवढ्या वेळात आईची अस्वस्थता ताईंकडे आली होती आणि ताईंनी ती दादाकडे पोहोचवली होती. आईला त्या रात्री हलकं वाटायचं, मूळ तक्रार मात्र जागची हलायची नाही.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला त्रिकोण म्हटलं. १९५४ ते १९५९ या काळात त्यांनी रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही रुग्णालयात राहायला ठेवून त्यांच्यातली देवाणघेवाण पाहिली होती. दोघांमधला ताण सोसवेनासा झाला की तिसऱ्याला ओढलं जातं. ताण वाटला जातो, तात्पुरता निवळतो, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं तसाच टिकतो. तिसऱ्याला वाटतं आपण मदत करतोय. ताईंना हे ऐकून रडू आलं, कारण त्यांनी खरोखरच मायेपोटी सगळं केलं होतं. ती माया खोटी नव्हती. फक्त तिच्यामुळे आई आणि दादाला एकमेकांशी बोलायची वेळच येत नव्हती.

मग तीन पिढ्यांचा कुटुंबाचा आराखडा काढला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, कुणाचं कुणाशी जवळचं, कुठे अबोला, कोण कधी गेलं. आईचं स्वतःच्या भावाशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं आणि मधले निरोप मावशी पोहोचवायची, हे तेव्हा समोर आलं. अशा आराखड्याचा उपयोग दोषी शोधण्यासाठी करू नये. आईने ही रीत लहानपणापासून पाहिली होती, एवढं कळलं तरी तिच्यावरचा राग बराच उतरतो.

खरी मेहनत पुढे होती. ताईंनी आईला काय म्हणायचं ते शब्दशः ठरवलं: "आई, तुला त्रास होतोय हे ऐकून वाईट वाटतं. पण हे तू दादाशीच बोल. मी त्याला काही सांगणार नाही." पहिलं वाक्य गाळलं तर आईला झिडकारल्यासारखं होतं, शेवटचं गाळलं तर आशा उरते. समुपदेशकाने आई व्हायचं, ताईंनी हे म्हणायचं, असा सराव झाला. सुरुवातीला त्यांचा आवाज तरी चढायचा, नाहीतर त्या लांबलचक खुलासा द्यायच्या. खुलासा दिला की समोरच्याला वादाला जागा मिळते. म्हणून वाक्य तेवढंच, शांतपणे, लागेल तितक्या वेळा, आणि मग विषय बदलून आईच्या तब्येतीची चौकशी. बोलणं तोडायचं नाही.

इथे लोक हमखास दोन ठिकाणी अडखळतात. एक म्हणजे घरी जाऊन "मी आता असं वागणार आहे, मला समुपदेशकांनी सांगितलंय" असं जाहीर करणं. त्याने अख्खं घर समुपदेशकाविरुद्ध एक होतं. दुसरं, तिसऱ्याच्या जागेवरून उठायचं म्हणून संबंधच तोडणं. अंतर ठेवल्याने भांडण थांबलेलं दिसतं, पण पुढच्या लग्नकार्यात किंवा आजारपणात ते तिथूनच सुरू होतं.

नवं वागणं सुरू झालं की आधी त्रास वाढतो. हे आम्ही आधीच बजावून ठेवतो, कारण बहुतेक जण नेमके तिथेच माघार घेतात. घरच्यांचा प्रतिसाद साधारण तीन पायऱ्यांनी येतो: तुझं चुकतंय, पूर्वीसारखी वाग, नाहीतर परिणाम भोग. ताईंच्या आईने आधी "तू बदललीस" म्हटलं, मग फोन बंद केला, मग मावशीकरवी निरोप आला की पोरीला आई नकोशी झालीय. ताईंनी मावशीला उत्तर दिलं नाही. ठरलेल्या वेळी आईलाच फोन केला आणि जेवलीस का, एवढंच विचारलं. या टप्प्यावर दोन भेटींमध्ये आठवड्यापेक्षा जास्त अंतर नसलेलं बरं. जुनं वळण फार जोरात ओढतं.

त्याच काळात दादाशी वेगळा धागा जोडायचा होता. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, आईचा विषय न काढता. दादाने आधी फोन उचललाच नाही, नंतर उचलून विचारलं, "आता काय तक्रार आहे?" ताई म्हणाल्या, "काही नाही, तुझी चौकशी करायला केला." त्याचा विश्वास बसायला वेळ लागला, आणि तो लागणारच होता.

काही महिन्यांनी दादा आला. "समुपदेशनाला चल" म्हटल्यावर तो आला नसता. "आईच्या औषधपाण्याचं आणि खर्चाचं ठरवायला एकदा तिसऱ्या माणसासमोर बसू," असं म्हटल्यावर आला. ही एकत्र बैठक नव्वद मिनिटांची होती. एकाने दोन-तीन वाक्यं बोलायची, दुसऱ्याने ती परत सांगून "बरोबर का?" विचारायचं, मगच उत्तर द्यायचं. दादा म्हणाला, "बाबा गेल्यापासून तू फक्त आईची बाजू मांडायला फोन केलास. माझं काय चाललंय, हे एकदाही विचारलं नाहीस." ताईंनी परत सांगितलं, "तुला वाटतं मी आईची बाजू घेते." दादा म्हणाला, "नाही. मला विचारलं नाहीस, असं म्हणालो." दुसऱ्या खेपेला ताईंनी त्याचेच शब्द उच्चारले आणि त्या गप्प झाल्या. पुढचा तासभर दोघं वडिलांबद्दल बोलत होते. खर्चाचं शेवटच्या दहा मिनिटांत ठरलं.

अशा बैठकीत कुणाचा संताप अनावर झाला तर थांबावं लागतं. नात्यांचे अभ्यासक जॉन गॉटमन यांच्या मांडणीनुसार नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणसाला समोरचं धड ऐकू येत नाही, आणि शरीर निवायला किमान वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मनात पुढचे मुद्दे जुळवत बसलं, तर विश्रांती वाया जाते.

वहिनी शेवटपर्यंत आल्या नाहीत. आईची कुरकुर अजून चालते, पण ती आता दादाच्या तोंडावर करते. भांडणं होतात आणि तिथल्या तिथे संपतात.

घरात मारहाण, धमक्या किंवा कुणाची धास्ती असेल, तर मात्र एकत्र बैठक घेऊ नये. खोलीत बोललेल्या शब्दाची शिक्षा घरी गेल्यावर मिळू शकते. तिथे सुरक्षिततेची सोय आधी लागते आणि भेटी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात.

समुपदेशक निवडताना एक गोष्ट सुरुवातीलाच विचारून घ्या: एकट्याने सांगितलेलं पुढे एकत्र बसल्यावर गुप्त राहतं का, आणि एकाशी अनेक भेटी झाल्यावर एकत्र बैठक तुम्हीच घेता की दुसऱ्याकडे पाठवता? ताई-दादांची बैठक दुसऱ्या सहकाऱ्याने घेतली होती. ताईंना इतके दिवस भेटणाऱ्या माणसावर दादाने विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करणं रास्त नव्हतं.