संगणक आला, आता माझं काय?

प्रश्न : आमच्या सेवा सहकारी सोसायटीत संगणक बसला. मी किर्द-खतावणी (रोजच्या व्यवहारांची वही अन् खातेवही) हातानं लिहिणारा गटसचिव. नोकरी जाईल का? – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्यासारख्या गावपातळीवरच्या प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्रानं २०२२ मध्ये मंजुरी दिली, ते आता मागं फिरत नाही. खतावणी उतरवणं जाईल, हे खरंच. व्हाउचर एकदा भरलं की खातं, तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी), ताळेबंद आपोआप. पण सभासदाची जुनी बाकी संगणकात चुकीची चढली, तर व्याजही दरवेळी चुकीचंच निघते, अन् कास्तकार भांडायले तुमच्याकडंच येते. म्हणून चढवलेली प्रत्येक बाकी जुन्या वहीशी स्वतः ताडा, सभासदाची सही घ्या. पासवर्ड मात्र कोणा पोराले देऊ नका. प्रशिक्षण संचालक मंडळाकडं लेखी मागा. तोंडी मागितलेलं खरिपाच्या कर्जवाटपात कोणालेच आठवत नाही.