सेल्फ मारला की नुसतं 'टक'

प्रश्न: मुलासाठी घेतलेली ११० सीसीची छोटी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालवायची चारचाकी बाईक) आहे. बटण दाबलं की सीटखालून 'टक' असा आवाज येतो आणि बास, इंजिन फिरतच नाही. कधीकधी पाच-सहा वेळा दाबल्यावर मस्त चालू होते. बॅटरी नवीन टाकली, लाईट एकदम कडक लागते, तरी तेच. आता स्टार्टर मोटर बदलू का?

उत्तर: थांबा, मोटर अजिबात घेऊ नका. लाईट कडक लागते म्हणजे बॅटरी आणि वायरिंग चांगलं, असं सगळ्यांना वाटतं पण लाईटला करंट लागतो अगदी थोडा आणि सेल्फला त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे अर्धवट कुजलेल्या जोडातून लाईट आरामात लागते आणि सेल्फ मात्र उपाशी राहतो. 'टक' येतंय म्हणजे बटण, फ्यूज, ब्रेकचा स्विच हे सगळं ठीक आहे, रिलेला (बटण दाबल्यावर बॅटरीची जाड वायर मोटरला जोडणारा स्विच, 'टक' त्याचंच) हुकूम पोचतोय, तिकडे वेळ घालवू नका. गडबड आहे ती जाड वायरींच्या रस्त्यात.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, मुलगा लांब, आणि मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. आधी बॅटरी. बंद गाडीत १२.६ च्या आसपास हवी आणि बटण दाबून धरल्यावर ९.६ च्या खाली जायला नको. नवीन बॅटरीसुद्धा नीट चार्ज न करता बसवली तर इथेच नापास होते. ती पास झाली की मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर (केबलच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर नाही, बॅटरीच्या स्वतःच्या टर्मिनलवर) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून बटण दाबा. ०.२-०.३ व्होल्ट दिसले तर चालेल, एक किंवा जास्त दिसला तर चोर सापडला, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतचा जोड) खराब आहे.

माझा पहिला संशय तिथेच आहे. सगळे प्लसची बाजू घासतात आणि निगेटिव्हची वायर जिथे इंजिनला किंवा चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्टने आवळलेली असते तिकडे कोणी बघत नाही, वरून बोल्ट घट्ट असतो पण खोलला की खाली चिखल, हिरवट भुकटी, नाहीतर चक्क कारखान्यातला रंग, आणि थिंबल त्या रंगावरच बसलेलं. मी स्वतः एकदा चांगली मोटर उतरवून, खोलून बसलो होतो आणि दोष निघाला त्या बोल्टखाली, संध्याकाळ वाया गेली. पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबलपण दोन्ही बाजूंनी घासा, आवळून वरून ग्रीस लावा.

अर्थिंग चांगलं निघालं तर रिलेच्या दोन जाड बोल्टवर मीटर लावा. बटण न दाबता तिथे १२ च्या आसपास दिसतं, दाबल्यावर जवळजवळ शून्य व्हायला पाहिजे. 'टक' होऊनही १२ तसाच राहिला तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत, रिले बदला. पाच-सहा वेळा दाबल्यावर चालू होण्याचं हे पण नेहमीचं कारण आहे. आणि मोटरच्या बोल्टपर्यंत १० च्या वर व्होल्ट पोचूनही ती हलत नसेल तरच मोटर उतरवा, आणि तेव्हाही आधी कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) बघा, बरेचदा तेच झिजलेले असतात.

प्रश्न: आमच्या गाडीत सेल्फ जोरात फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, बॅटरी कमी पडतेय का?

उत्तर: नाही, मोटर मोकळी फिरतेय. स्टार्टर आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मधला वन वे क्लच, म्हणजे एकाच दिशेने पकडणारा भाग, घसरतोय किंवा गिअरचे दात गेलेत, कव्हर उघडावं लागेल. तोवर बटण सारखं दाबत राहू नका, तुटलेला तुकडा आत फिरला तर खर्च वाढेल.