आई-वडिलांच्या जुन्या कपड्यांची आठवण म्हणून गोधडी घरीच कशी शिवू? मला बटण लावण्यापुरतंच शिवण येतं.

बटण लावता येतं ना, मग गोधडीही येईल. तिला एकच टाका लागतो, धावदोरा. सुई खाली, सुई वर. कस लागतो तो कापड निवडताना.

तुम्ही लिहिलंय की आईच्या चार सुती साड्या आहेत, एक रेशमी आहे आणि वडिलांचे सहा-सात सदरे आहेत. एका गोधडीला एवढं पुष्कळ झालं. पण कात्री लावायच्या आधी घरात सगळ्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं. वडिलांचा निळ्या रेघांचा सदरा मी कापला आणि मग कळलं की भावाला तो तसाच, अख्खा हवा होता. तो भांडला नाही, पण गोधडी उलगडली की त्याची नजर आधी त्या निळ्या तुकड्यावर जाते, हे मला दिसतं. तेव्हा एखादा कपडा न कापता ठेवा, आणि जे कापायचं त्याचा आधी फोटो काढून ठेवा.

आता कापड. प्रत्येक कपडा उजेडासमोर धरा, विरलेली जागा लगेच दिसते. मग दोन्ही हातांनी उभं-आडवं ताणून बघा. तंतू तुटल्याचा आवाज आला तर ते कापड वरच्या थरात घेऊ नका. चूक बहुतेकांची इथेच होते. जो कपडा जास्त लाडका तो जास्त वापरलेला, म्हणजे तोच जास्त झिजलेला, आणि हौसेने वर लावला जातो तोही तोच. चार धुण्यांत त्याच्या चिंध्या होतात. असं कापड आत, भरात घाला. ते दिसणार नाही, पण टिकेल. शिवाय जुनं सुती कापड मऊ असल्याने सुई त्यातून सहज जाते. अगदीच डोळ्यांसमोर हवं असेल तर त्यातला तळहाताएवढा बरा भाग घ्या आणि खाली पातळ मलमल लावून तो तुकडा जोडा. रेशमी साडीलाही हाच उपाय, कारण जुनं रेशीम टाक्यांच्या ओळीवरच फाटतं. साडीचे जरीचे काठ टोचतात, ते बाजूला काढा. टी-शर्ट ताणले जातात, नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सगळं धुऊन घ्या, खळ असेल तर ती पूर्ण निघू द्या. गडद रंगावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग फडक्याला लागला तर ते कापड वेगळं धुवा, आणि तरीही लागत राहिला तर वगळा. कॉलर, काज-बटणाची पट्टी आणि जाड शिवणी कापून टाका. खिसा मात्र सदऱ्याच्या कापडासकट तसाच ठेवता येतो, छान दिसतो.

माप 5 फूट बाय 7 फूट धरा. साडेपाच मीटरच्या साडीतून 7 फुटांचे दोन तुकडे निघतात. ते लांबीच्या कडेने जोडले की 5 फुटांहून जास्त रुंदी मिळते, म्हणजे अस्तर एकाच साडीत झालं. त्यावर भराचे दोन किंवा तीन थर. त्याहून जास्त घालू नका. हाताने सुई ओढवत नाही आणि भिजलेली गोधडी एकट्याने उचलवत नाही. थर जमिनीवर पसरा, सुरकुत्या काढा आणि मधून कडांकडे जात मोठे कच्चे, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे, टाके घाला. उलट, कडांकडून आत आलात तर मधे फुगवटा राहतो.

वरचे तुकडे आधी एकमेकांना जोडून घ्यायचे की थेट भरावर लावायचे, यावर मतं दोन आहेत. मी थेट लावते. अस्तराची कड आत दुमडायची, कोपऱ्यापासून तुकडे मांडायचे, दिसणारी कड अर्धा इंच दुमडायची आणि धावदोरा घालत कडेकडेने गोल फिरत मध्याकडे यायचं. थर कच्च्या टाक्यांनी आधीच धरलेले असतात, म्हणून आता कडेकडून आत आलं तरी चालतं. पुढचा तुकडा आधीच्याच्या उघड्या कडेवर चढवत जायचं. तुकडे वेडेवाकडे असले तरी चालतात, मोजमापाची कटकट नाही.

दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलंत तर सगळे टाके मिळून 128 मीटर लांब होतात. दोरा दुहेरी, म्हणजे त्याच्या दुप्पट, वर गाठींना जातो तो वेगळा. एकाच रंगाचा सुती दोरा 300 मीटर तरी आधीच आणून ठेवा, नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते. एका वेळी हातभरच दोरा ओवा, लांब घेतला की गुंततो. त्यावरून मेण फिरवलं तर पीळ कमी पडतो. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी, घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बोट सुईला हात लावू देणार नाही. रोज तासभर बसलात तरी काही महिने धरून चला.

मागच्या कोपऱ्यात एक फिकट तुकडा लावून त्यावर कपडे कोणाचे आणि वर्ष कोणतं हे दोऱ्याने लिहा. शाई धुण्यात जाते. गोधडी ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळा आणि मधूनमधून घडी बदला, म्हणजे एकाच रेषेवर कापड चिरत नाही.

आणि आईच्या साडीला लगेच हात घालू नका. आधी घरातल्या कुठल्याही जुन्या चादरीचं दीड फुटाचं दुपटं याच पद्धतीने शिवून बघा. माझ्या पहिल्या दुपट्याचे टाके इतके लांब होते की पायाचा अंगठा अडकायचा.