सगळं ठीक असूनही मन अस्वस्थ का राहतं?

तुम्ही विचारलंय की घरून काम आहे, पगार वेळेवर येतो, घरात कुरबुर नाही, तरी संध्याकाळ झाली की एका जागी बसवत नाही. नोकरी सोडून वेगळं काहीतरी करावं, असा याचा अर्थ आहे का?

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल आहे, त्यामुळे उत्तर जरा दुकानदाराच्याच थाटाचं येईल. अर्थाच्या मागे लागण्याआधी शरीर तपासून घ्या. थायरॉईड जास्त काम करत असेल तर छाती धडधडते, हात थरथरतात, नीट जेवूनही वजन उतरतं आणि माणूस म्हणतो "मन लागत नाही". अंगात लोह कमी असेल तर संध्याकाळनंतर पायांत चुळबुळ सुरू होऊ शकते. चाललं की बरं, टेकलं की पुन्हा तेच. बायकांमध्ये हे जास्त, आणि घरचे "नुसती वळवळ" म्हणून सोडून देतात. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनं किंवा मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही कधीकधी धड बसवत नाही की उभं राहवत नाही. अशा वेळी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. आणि चहा! प्यायल्यावर ५ तासांनीही त्यातलं साधारण निम्मं कॅफिन अंगात असतं. घरून काम करणारे दिवसभरात किती कप रिचवतात ते त्यांचं त्यांनाही माहीत नसतं.

रिपोर्ट चांगले आले, की मग मन.

मनाचं कसं असतं ते मी पुरात बघितलं. आमच्याकडे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. तेव्हा मी जे बघितलं त्यात सगळ्यात बेचैन कोण, तर ज्यांच्या दारात पाणी येणारच नव्हतं ते. मोबाईल उचलायचा, "किती फूट झालं?" बघायचं, ठेवायचा, परत उचलायचा. जे भाकरी गोळा करायला, लोकांची सामानं हलवायला गेले ते दमले, चिडले, पण त्यांची तगमग थांबली होती. काळजीत शरीर पळायची तयारी करून बसतं. करायला काही नसलं की ती तयारी अंगातच फिरत राहते.

तुमचं बहुधा असंच काहीतरी असावं, म्हणून नोकरीवर लगेच खापर फोडू नका. अस्वस्थता नेमकी कशानं थांबते ते बघा. रंकाळ्याला फेरी मारून गेली तर अंगाला हालचाल हवी होती. गंगावेशीत दूध कट्ट्यावर चार मित्रांत गेली तर माणसं हवी होती, आणि घरून काम करणाऱ्यांचं हेच फार होतं. रविवारी दिवसभर नसते आणि रात्री उगवते, तर मात्र कामाचीच भानगड; तरी वेळ, साहेब की कामच, यातलं काय खुपतंय ते आधी शोधा. कशानंच जात नसेल तर एखादं टाळलेलं काम असेल, न केलेला फोन असेल. माझ्या बाबतीत बहुतेकदा जीएसटीचं रिटर्न निघतं.

दोनेक आठवडे झोप उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर हे सगळं बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, मराठीतही बोलतात. राजीनामा काय, त्यानंतरही देता येतो.