भांडणाचे काहीच कारण नसताना माणसे दुसऱ्या गटाला कमी का लेखतात?

परक्या गटाविषयीचा पूर्वग्रह द्वेषातूनच जन्मतो, असे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. माझ्या मते तो बहुतेकदा आपल्या माणसांविषयीच्या ओढीतून सुरू होतो, आणि म्हणूनच तो आपला आपल्याला दिसत नाही.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात भरवलेल्या शिबिरात साधारण अकरा वर्षांच्या २२ अनोळखी मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बक्षिसांसाठी सामने लावले. काही दिवसांतच एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. शेरीफ यांनी ही स्पर्धा मुद्दाम पेटवली, हा आक्षेप मला रास्त वाटतो; तरीही त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. मुलांना जमिनीवर विखुरलेले घेवड्याचे दाणे वेचायला लावले आणि नंतर प्रत्येकाची कमाई म्हणून ते दाणे पडद्यावर क्षणभर दाखवून अंदाज विचारला. दर वेळी पडद्यावर तेच ३५ दाणे होते, पण आपल्या गड्याचे दाणे मुलांना अधिक वाटले आणि समोरच्याचे कमी. ती मुले खोटे बोलत होती असे मी मानत नाही. पक्षपात त्यांच्या नजरेतच उतरला होता.

स्पर्धा नसली तरी चित्र फारसे बदलत नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी शाळकरी मुलांना क्ले आणि कांडिन्स्की या चित्रकारांच्या चित्रांपैकी कोणती आवडतात, एवढ्याच सबबीवर दोन गटांत विभागले आणि दोन्ही गटांतल्या इतर मुलांना पैसे वाटायला सांगितले. आपल्या गटात कोण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि पैसे वाटून स्वतःला काही मिळणार नव्हते. तरीही आपल्या गटाला एकूण रक्कम कमी मिळाली तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळालीच पाहिजे, असाच कल वारंवार दिसला. मला हे फार अस्वस्थ करते, कारण येथे स्वार्थसुद्धा मागे पडतो आणि उरते ती केवळ वरचढ ठरण्याची आस.

नुसते एकत्र बसवल्याने हे मिटते का? शेरीफ यांच्या शिबिरात एकत्र जेवणावेळी मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. तेढ ओसरू लागली ती शिबिराचे पाणी बंद पडल्यावर आणि जेवण आणणारा ट्रक चालू होईना तेव्हा, म्हणजे दोन्ही गटांना एकमेकांची गरज पडल्यावर. तो ट्रक ओढायला मुलांनी जो दोर घेतला, तो त्यांच्या रस्सीखेचीचाच होता.